पहिल्या खाचेवरचे दाजी

दाजी वेळेवर पोहोचले अशी एकही जागा मला आठवत नाही. लग्नाला ते पंगत उठताना यायचे, आरतीला प्रसाद संपल्यावर यायचे, आणि एका मयताला तर असे आले की मयताचे मुलगे स्मशानातून परतून, आंघोळी उरकून, शेजाऱ्यांनी आणून दिलेला चहा पीत ओसरीवर बसले होते. दाजींनी खांद्यावरचा पंचा नीट केला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "झाली तयारी?" थोरल्या मुलानं त्यांच्यापुढेही एक कप सरकवला.

याची त्यांना लाज वाटत नसे. उलट हळू असणं हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. मुंबईत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं ट्राम चालवण्यात घालवली होती. ट्रामचा ड्रायव्हर उभ्यानं काम करतो. पुढ्यात एक पितळी दांडा असतो आणि तो खाचाखाचांनी फिरवायचा असतो. पहिल्या खाचेवर ट्राम जेमतेम सरकते, पुढच्या खाचांवर विजेच्या वाटेतला अडथळा कमी कमी होत जातो आणि मोटार वेग घेते. दाजींचं म्हणणं असं, की ट्राम शेवटच्या खाचेवर नेतो तो ड्रायव्हर नव्हे, तो खाटीक. "जल्मात एक कुत्रो चिरडूक नाय मी," ते सांगायचे. त्यांच्या ट्रामपुढे कुत्रे अंग चाटत बसत असावेत, असा माझा अंदाज आहे.

गावी आल्यावर ट्राम सुटली, पण खाच सुटली नाही. जगातल्या सगळ्या माणसांची दाजींनी खाचांप्रमाणे वाटणी केली होती. भाताच्या गिरणीचे मालक अण्णाशेट "शेवटच्या खाचेर जल्माक इलेले". देवळातले भटजी "मधल्याच खाचेर अडाकलेले". मी शाळेत मास्तर होतो आणि दाजींच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहत होतो, त्यामुळे मला सल्ला रोजचा आणि फुकट. "मास्तर, पोरांका सकाळी पयल्या खाचेर सुरू करा. एकदम पाढे इचारलात तर मोटार जळतली." मी एकदा हे करून पाहिलं. पोरं दुपारपर्यंत पहिल्याच खाचेवर राहिली.

ते मुंबई सोडून आले ते बायकोसाठी, म्हणजे भामाकाकीसाठी. काकीला दमा होता. चाळीतल्या धुरानं तो इतका वाढला की डॉक्टरांनी सांगितलं, यांना समुद्राच्या हवेत न्या. मुंबईलाही समुद्र आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही आणि दाजींच्याही नाही. त्यांनी नोकरी सोडली, बिऱ्हाड बोटीत घातलं आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या बंदरात येऊन राहिले. इथली हवा अशी की मिठाचं भांडं झाकून ठेवलं तरी संध्याकाळी त्यात पाणी होतं. काकीचा दमा मुंबईत होता तेवढाच राहिला, फक्त आता त्याला माशांचा वास होता.

भामाकाकी सडसडीत, काटक आणि तोंडाची फटकळ. दम लागलेला नसेल तेव्हा ती बोलायची थांबत नसे. दाजींचं ट्रामपुराण ती चुलीपाशी बसून कापत राहायची. "गिरगावातसून निघालेली ह्यांची ट्राम परळाक पोचासर आत बसलेल्यांची पोरां कॉलेजात गेली," असं ती मला सांगायची आणि दाजी कौतुकानं ऐकत राहायचे. पण दम लागला की ती बाजेवर ताठ बसे, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवी, आणि घर एकदम गप्प होई. त्या गप्पपणाला दाजी घाबरायचे. खोकला चालेल, शिव्या चालतील, पण भामा बोलत नाही म्हटलं की ते बाजेभोवती घिरट्या घालायचे. आपण हिला इतक्या लांब आणलं आणि हिचा श्वास आपल्यादेखत अडकून राहिला तर, ही एकच धास्ती त्यांनी उराशी धरली होती. बाकी सगळा माणूस म्हणजे गंमत होती.

या धास्तीवर दाजींनी शोधलेला उपाय म्हणजे पंखा.

आमच्या बंदरात तेव्हा विजेची एक छोटी खासगी कंपनी होती. तेलाच्या इंजिनावर ती वीज करायची, आणि ती वीज एकाच दिशेनं वाहणारी, डी.सी., म्हणजे ट्रामला लागते तसलीच. हे कळलं तेव्हा दाजींना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी मुंबईहून एक जुना टेबलपंखा आणवला. पण त्याची सगळ्यात हळू चालही काकीला सोसेना. वारा तोंडावर आला की तिचा श्वास आणखी कोंडायचा. "ह्यो वारो न्हय, ही कानशिलात आसा," ती म्हणाली. मग दाजींनी एका फळीवर विजेचे दिवे ओळीनं बसवले आणि करंट आधी त्या दिव्यांमधून आणि मग पंख्यात, अशी जोडणी केली. दिवे करंटाला अडवून धरत, पंख्याला उरलेलंसुरलेलं मिळे आणि तो डुलकी लागल्यासारखा फिरे. प्रत्येक दिवा म्हणजे करंटाची एक अरुंद वाट, त्यामुळे एक दिवा काढला की पंखा आणखी हळू, एक लावला की जरा जोरात. काकीला दम लागला की भर दुपारी दाजींच्या माजघरात दिवे लागत. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, या घरात डोकं फिरलंय. आत दाजी फळीसमोर बसून एक डोळा पात्यांवर आणि एक काकीच्या छातीवर ठेवून असायचे. "बरा वाटता?" ते विचारत राहायचे. काकी मान हलवी. मग दाजींचा चेहरा सुटायचा.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर दाजी म्हणजे मोठे जाणकार होते असा गैरसमज व्हायचा. त्यांना एकच गोष्ट येत होती: हळू करणं. ती कुठं करू नये हे त्यांना येत नव्हतं. अण्णाशेटनी हौसेनं त्यांना गिरणीची मोटार सांभाळायला ठेवलं. दाजींनी पहिल्याच दिवशी मोटार इतकी मंद केली की भात आतच तुंबलं. बाहेर टोपल्या घेऊन बायकांची रांग.

"दाजी, ही ट्राम नाय, गिरण आसा!" अण्णाशेट ओरडले.

"म्हणानच सांगतंय, घाई कोणाक आसा?"

"आमकां आसा!" रांगेतून आवाज आला. "चुलीर आधण ठेवन इलंव आमी!"

दाजींनी शांतपणे सांगितलं, की दोष मोटारीचा नाही, भातच ओलं आहे. भात कुरकुरीत वाळलेलं होतं. त्या आठवड्यातच अण्णाशेटनी त्यांना सन्मानानं घरी पाठवलं. दाजी मात्र सल्ला द्यायला रोज गिरणीवर जात राहिले, अर्थात गिरण बंद व्हायच्या सुमाराला.

तरीही देवाच्या जत्रेतल्या नाटकासाठी फिरता रंगमंच करायची टूम निघाली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी दाजींचंच नाव आलं. टूम अण्णाशेटचीच. नाट्यमंडळाचे अध्यक्ष तेच, नाटकातले महाराजही तेच. महाराणी मी. तेव्हा आमच्याकडे बायकांची कामं पुरुषच करायचे आणि माझी अंगकाठी त्या बाबतीत दुर्दैवी होती. गाडीच्या जुन्या चाकांवर फळ्यांचं मोठं गोल जोतं बांधलं. अर्ध्या भागात राजवाडा, अर्ध्या भागात अरण्य. गिरणीतली एक जादा मोटार त्याला जोडली. आता ते जोतं सावकाश फिरावं, सिंहासनावरच्या महाराजांच्या मुकुटाचं पीसही हलू नये, ही जबाबदारी दाजींची.

दाजींनी एक लाकडी पिंप मागवलं. त्यात खारट पाणी भरायचं आणि दोन पत्रे दोरीनं टांगायचे. पत्रे पाण्यात खाली सोडले की करंट जास्त जातो आणि मोटार जोरात फिरते, वर ओढले की हळू. ही युक्ती त्यांनी मुंबईत ट्रामच्या कारखान्यात कुठंतरी पाहिली होती. करंट चालू असताना त्या पाण्यातून बुडबुडे यायचे आणि नाकाला झोंबणारा वास सुटायचा. म्हणून घरच्या पंख्याला त्यांनी पिंप कधी लावलं नाही, काकीला तो वास सोसला नसता. देवळाच्या आवारात मात्र वास घ्यायला गाव समर्थ होता.

रंगीत तालीम दुपारी होती आणि ती बघायलाच सगळा गाव येणार होता. सकाळी दाजींनी खाडीचं पाणी पिंपात भरून घेतलं, पत्रे खालीवर करून जोतं फिरवून पाहिलं, आणि दोरीवर खडूची खूण केली. इथपर्यंत पत्रे सोडायचे, की राजवाडा जाऊन अरण्य येईतो महाराणीचा विलाप पुरा होतो. काम इतकं सुरेख जमलं की दाजी खूश होऊन जेवायला गेले. जेवण म्हणजे दाजींचं जेवण. तेवढ्या वेळात कोणाची तरी म्हैस आवारात आली आणि तिनं पिंपातलं पाणी पिऊन टाकलं.

खाडीकाठच्या माणसाला यावरून सगळं कळायला हवं होतं. पावसाळा नुकताच सरलेला, नदीला पाणी होतं, आणि सकाळी ओहोटी होती. ओहोटीला खाडीत वरून येतं ते नदीचं पाणी, जवळजवळ गोडं. म्हणून तर म्हशीनं तोंड लावलं. अण्णाशेटना रिकामं पिंप दिसलं. त्यांनी गडी पाठवून ते खाडीवरून पुन्हा भरून घेतलं, आणि तेव्हा भरती होती. भरतीचं पाणी म्हणजे निखळ समुद्र, आणि पाणी जितकं खारट तितका त्यातून करंट जास्त. अण्णाशेट जन्मभर याच खाडीवर राहिले होते. पण ते त्या वेळी मुकुट घालून बसले होते, आणि मुकुट घातलेल्या माणसाला भरती-ओहोटी कोण विचारणार? दाजी आले, त्यांनी भरलेलं पिंप पाहिलं, दोरी आपल्या खडूच्या खुणेपर्यंत सोडली आणि छाती पुढं काढून उभे राहिले.

माझा विलाप "प्राणनाथ" या शब्दापर्यंत पोहोचला आणि राजवाडा निघाला. निघाला तो थांबेना. अरण्य आलं, गेलं, पुन्हा राजवाडा आला. मी केळीच्या खांबाला मिठी मारली. तो खांब माझ्याबरोबरच आडवा झाला. अण्णाशेट सिंहासनासकट दर फेरीला प्रेक्षकांसमोरून जाताना एकेक शिवी टाकत होते, आणि त्यांची एक बाजूची मिशी भटजींच्या मांडीवर जाऊन पडली. दाजींनी दोरी वर ओढायला हवी होती. पण त्यांचा हात आपोआप ट्रामचा हातब्रेक शोधू लागला. ते हवेतच ब्रेकचं चाक फिरवत होते आणि ओरडत होते, "हळू! मेल्या, हळू!" हे मोटारीला होतं की महाराजांना, याचा निकाल लागला नाही.

बायकांच्या बाजूनं भामाकाकीचा आवाज आला. "बघतात काय मेल्यानू! तार ओढा ती!" कोणीतरी तार उपटली. रंगमंच थांबला, मी थांबलो नाही. प्रेक्षकांत जाऊन बसलो.

हसण्याचा असा कल्लोळ त्या देवळानं पाहिला नसेल. काकी तर पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. आणि हसता हसता तिचा दम कोंडला. ती जमिनीवर हात टेकून वाकली, तिचा आवाज बंद झाला. आम्ही सगळे अजून हसतच होतो. दाजींनी मात्र पिंप, मोटार, अब्रू, सगळं तसंच टाकलं आणि धावले. दाजी धावताना गावानं पाहिले ते तेवढेच. त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि घराकडे नेलं. मी महाराणीच्या लुगड्यात, पदर सावरत मागोमाग. फळीवरचे दिवे लागले, पंखा डुलू लागला. बऱ्याच वेळानं काकीनं डोळे उघडले, माझ्या गालावरची ओघळलेली रंगोटी पाहिली आणि म्हणाली, "गो बाय, तुझो घोव, तो म्हाराज, खंय गेलो?" दाजी भिंतीला टेकून रडले. मी इतका वेळ गंमत म्हणून पाहिलेला माणूस असा रडताना बघून मी महाराणीच्या पदरानं आपले गालच पुसत राहिलो.

काही वर्षांनी घाटावरची वीज येणार असं ठरलं. तळेऱ्याकडून खांब सरकत सरकत आमच्याकडे येऊ लागले. गावाला आनंद झाला. तेलाचं इंजिन बंद होणार, सगळीकडे नवी ए.सी. वीज. दाजी एकटेच खांबांकडे वैऱ्यासारखे बघायचे. शेवटी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि नव्या कचेरीतल्या तरुण इंजिनिअरला गाठलं. कचेरीत शिरताच दाजींची भाषा शुद्ध झाली.

"साहेब, आमच्या मंडळींना दमा आहे. आमचा पंखा ट्रामच्या करंटावर चालतो."

"तो आता चालणार नाही, काका. नवा घ्यावा लागेल."

"आणि गिरणीच्या मोटारी?"

"त्याही नव्या. त्या एकाच वेगानं फिरतात. वेग कमी करायचा असेल तर पट्ट्याचं चाक लहानमोठं बदलायचं."

"म्हणजे चाल कारखान्यातूनच ठरवून येते?"

"साधारण तसंच."

दाजींची शुद्ध भाषा गळून पडली. "मगे डायवर कित्याक होयो?"

"नकोच ना," इंजिनिअर हसून म्हणाला. पोरगा चांगला होता, वाईट हेतूनं बोलला नव्हता. त्यानं चहाही मागवला. दाजींनी तो उभ्यानंच पिऊन टाकला, आणि तेही लवकर.

वीज बदलली त्या दिवसापासून जुना पंखा नुसता गुरगुरत राहिला. चैत्र-वैशाख होता. नवा पंखा मुंबईहून येईपर्यंत दाजी हातपंखा घेऊन काकीच्या बाजेशी बसले. गिरणीवर गेले नाहीत, देवळात गेले नाहीत. नवा पंखा आला आणि त्याचीही सगळ्यात हळू चाल म्हणजे वादळच. दाजींनी पुन्हा दिव्यांची फळी जोडली. दिव्यांतून इतका कमी करंट मिळाला की पंखा जागचा हलेना. पात्याला काठीनं ढोसून सुरू केल्यावर मात्र तो लाजत लाजत फिरू लागला. "ह्यो करंट आळशी," दाजींनी निकाल दिला. इंजिनिअरनं मला याचं खरं कारण समजावून सांगितलं होतं. मी ते दाजींना सांगितलं नाही, कारण ते ऐकणार नव्हते.

पुढं माझी बदली वैभववाडीकडच्या शाळेत झाली. निघायच्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला गेलो. दाजींना मी त्यानंतर पाहिलं नाही, म्हणून ती दुपार जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. माजघरात दिवे लागलेले. काकी बाजेवर ताठ, हात गुडघ्यांवर. दाजी परसात गेले होते. पंखा सुरू करायची काठी मोडली होती आणि ते दुसरी शोधत होते. पंखा थांबलेलाच होता.

मी घाबरलो. हाका मारायला उठलो तर काकीनं हातानं बसवलं. एकेका शब्दासाठी श्वास ओढत ती म्हणाली, "बसा. ह्यो दम आपणहून येता नि आपणहून जाता. पंख्यान काय्येक होणा नाय, मास्तर."

"मग दाजींना सांगत का नाही?"

"तेंचो जीव जातलो." ती थांबली, पुन्हा श्वास गोळा केला. "माझो दम सुटता हो. तेंचो सुटणा नाय. मी बरा म्हटलंय की मगे सुटता तेंचो."

तेवढ्यात दाजी नवी काठी घेऊन आले. त्यांनी पात्याला ढोसलं, पातं फिरलं. मग ते फळीसमोर मांडी घालून बसले आणि वर बघून म्हणाले, "बरा वाटता?"

काकीची छाती भात्यासारखी चालली होती. अजून काहीच सुटलेलं नव्हतं. तरी तिनं डोळे मिटले, चेहरा सैल सोडला आणि म्हणाली, "होय. पण वायच हळू करा."

दाजींनी पंच्यात धरून एक तापलेला दिवा काढला. पंखा आणखी मंद झाला. त्यांनी एक मोठा श्वास सोडला, मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानाशी येऊन हळूच विचारलं, "बघितलात, मास्तर?"

"बघितलं, दाजी," मी म्हणालो.